डावीकडची जागा

कांचनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. नोकरी संपून दोन वर्षं झाली, पण गावातले पालक पोरं आणून सोडतात आणि मलाही नाही म्हणता येत नाही. फोन जुन्नरहून, तिच्या धाकट्या भावाचा. "गुरुजी, ताई गेली... पहाटे." आठ दिवस ती पुण्याच्या दवाखान्यात होती, काविळीचं निमित्त झालं, एवढंच मला ठाऊक होतं. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस "बरं" का म्हणतो, यावर तिनं नक्की एखादा तक्ता मांडला असता. फोन ठेवला आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुढचा पेपर ओढला. तो शंभरपैकी शंभराचा निघाला. मी तो पुन्हा पहिल्यापासून तपासला. पूर्ण गुणांवरचा माझा विश्वास फार वर्षांपूर्वी एका दुपारी खोडदच्या रस्त्यावर उडाला, आणि त्या दुपारी कांचनताई माझ्यापुढच्या सीटवर बसलेली होती.

मग उठलो आणि बहिणीच्या घरी गेलो. घर आमच्या आळे गावातच, दोन गल्ल्या सोडून. सोपान, माझ्या बहिणीचा नवरा, ओट्यावर बसला होता. मी सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली, मला शोधलं, तोंडाकडे बघितलं. मी सांगितलं. त्यानं बोटांवर वार मोजले. मग म्हणाला, "परवा गुरवार हाये की, गुरुजी. येणार व्हत्या त्या."

जुन्नरच्या बाजारपेठेत कांचनताईच्या वडिलांचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, ते इथलेच झाले. घरात हिशेबाला मराठी आणि रागवायला मारवाडी अशी वाटणी. कांद्याच्या मुलखात जन्मून कांदा न खाणारी ही मुलगी मुंबईला मानसशास्त्र शिकली, डॉक्टरेट घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कुणीही न बोलावता परत आली. आल्यावर ती "डॉक्टरबाई" झाली, आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. ही डॉक्टर इंजेक्शन देत नव्हती, गोळी देत नव्हती, नाडी बघत नव्हती. दीड तास प्रश्न विचारायची, चित्रं दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात या." अशा डॉक्टरवर आमच्याकडे विश्वास बसायला वेळ लागतो.

नारायणगावात भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा प्रकल्प होता. पुण्याहून मेंदूचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून दोन रविवार यायचे. एक भाषाशास्त्रज्ञ बाई रुग्णांचे शब्द मोजायच्या. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारा एक इंजिनियर सुटीच्या दिवशी येऊन भंगारातून दिव्यांची पेटी जुळवत बसायचा. आणि मी, जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक, 'ग्रामीण भाषा सल्लागार'. 'मानवी आकलन व मेंदू पुनर्वसन आंतरविद्याशाखीय संशोधन प्रकल्प' असं नाव होतं. ते आमच्या दारावर मावेना, म्हणून पाटी शेजारच्या दुकानाच्या पाटीला जाऊन भिडली होती, आणि रस्त्यावरून वाचणाऱ्याला सलग "पुनर्वसन आंतरविद्याशाखीय संशोधन प्रकल्प सर्व प्रकारची खते मिळतील" असं दिसायचं. चौकशीला येणाऱ्यांत निम्मे युरिया मागायचे.

उद्घाटनाला पाहुणे अडीच तास उशिरा आले. मेंदू हा शरीराचा राजा आहे, असं त्यांनी सांगितलं, फीत कापली आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. फीत कांचनताईच्या वडिलांच्या दुकानातली, चांगली रुंद, लालभडक, आणि उत्साहाच्या भरात दारापासून पार खतांच्या दुकानापर्यंत ताणलेली. सगळे चहाला वळले तेव्हा ही बाई खाली बसून ती गुंडाळत होती. मी म्हणालो, "राहू द्या हो ताई." तर म्हणाली, "एवढी लांब फीत एका कात्रीसाठी वाया घालवायची नसते, गुरुजी. व्यापाऱ्याची मुलगी आहे मी."

माझं काम होतं चाचण्या इथल्या माणसांना कळतील अशा करण्याचं. चाचण्या मोठ्या शहरातून भाषांतर होऊन आल्या होत्या आणि चित्रं त्याच्याही पलीकडून. पियानोचं चित्र बघून एक आजोबा म्हणाले होते, "पेटी हाये, पण लई मोठ्या मानसाची." घाटघरहून आलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, वांगं आणि टोमॅटो, दोन्हीत सारखं काय?" दोन्ही भाज्या, असं उत्तर छापलेलं होतं. म्हातारी विचार करून म्हणाली, "दोनी आमच्याकडं पिकत न्हाईत." नियमाप्रमाणे शून्य. कांचनताईनं तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "यात शून्य कुणाला द्यायचं, गुरुजी?" त्या दिवसापासून आम्ही नवे तक्ते करायला बसलो. त्यातला एक मी स्वतः काढला. एका पानावर मिरच्या, भेंड्या, वांगी, शेंगा अशी बारीक चित्रं विखुरलेली. पेन्सिलीनं फक्त मिरच्यांवर काट मारायची. माझ्या हातून घडलेल्या कामांत या कागदाचा मला फार अभिमान होता. पुढे जे झालं ते याच कागदामुळे.

सोपान जीप चालवायचा. आळेफाटा ते नारायणगाव, कधी ओतूर, कधी जुन्नर. आत बारा-चौदा माणसं, वर टपावर क्रेट. त्या वर्षी टोमॅटोचे क्रेट बांधताना टपावरून तो उलटा खाली आला आणि डोक्याची उजवी बाजू दगडावर आपटली. पुण्याला ऑपरेशन झालं. महिन्यानं घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, शिव्या देत होता; आम्ही नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सिंधूनं, माझ्या बहिणीनं, मला बोलावून घेतलं. ताटात भाकरी अर्धी उरली होती. उजवी बाजू खाल्लेली, डावी तशीच, मधे सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. आणि सोपान ओरडत होता, "भाकरी संपली, वाढ की!" दाढी त्यानं उजव्या गालाचीच केली होती. आम्ही सांगितलं तर हसला. "मला काय झालंय? तुमालाच वेड लागलंय."

कांचनताईनं त्याला तपासलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. डोळे शाबूत आहेत. पण मेंदूच्या उजव्या बाजूला मार लागला की काही माणसांचं डावीकडचं लक्षच पुसून जातं. डावीकडे जग आहे, हेच मेंदू विसरतो. आणि विसरलोय हेही त्याला कळत नाही, म्हणून तो खोटं बोलत नसतो. मग तिनं ड्रॉवर उघडला, उद्घाटनाची फीत काढली आणि कात्रीनं तिचे तुकडे केले. एक ताटाच्या डाव्या काठाला, एक आरशाच्या डाव्या बाजूला, एक ओट्याच्या डाव्या खांबाला. नियम एकच: लाल दिसेपर्यंत मान वळवत राहायचं. लाल दिसलं नाही तर अजून जग शिल्लक आहे. त्या फितीचा पहिला खरा उपयोग असा झाला.

हळूहळू भाकरी तीनचतुर्थांश संपू लागली. पण सोपानचं लक्ष भाकरीवर नव्हतंच. स्टँडवरच्या जीपवाल्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, डॉक्टरचा कागद आण, मग नंबरात गाडी लाव. पुण्याच्या डॉक्टरांनी ते कांचनताईवर सोडलं होतं. म्हणजे तिची सही झाली तर सोपान चौदा माणसं घेऊन रस्त्यावर जाणार, आणि नाही झाली तर एकोणिसाव्या वर्षापासून स्टेअरिंग धरलेला माणूस ओट्यावर बसून राहणार. दर खेपेला तो विचारायचा, "बाई, सही कवा?" आणि ती मिरच्यांचा कागद पुढे करायची. "या पानावरची एकही मिरची सुटली नाही की पुढचं बोलू." तो उजवीकडच्या सगळ्या मिरच्या फटाफट उडवायचा, पेन्सिल ठेवायचा आणि म्हणायचा, "झालं." डावं अर्धं पान कोरं असायचं.

एका सकाळी सिंधू माझ्या घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "दादा, दुसऱ्यांची पोरं तू स्कॉलरशिपला बशिवतो. मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" आता इथं आमच्या पिढीच्या शिक्षकाची जात दिसते. आमच्यासाठी जगात दोनच प्रकारचे कागद: सोडवलेले आणि न सोडवलेले. मिरच्यांच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडेच असायचा. त्यातले मी घरी आणले आणि शाळेच्या आधी रोज तासभर सोपानला घेऊन बसलो. मान वळव, लाल शोध, यात वेळ घालवला नाही. ते डॉक्टरांचं काम. मी त्याला पान पाठ करून घेतलं. खालचा डावा कोपरा, तिथं गठ्ठ्याच्या पिनेचं भोक, ते बोटानं चाचपायचं. भोकापासून वर तीन मिरच्या, मग दोन बोटं सोडून चौथी... पाढे शिकवावेत तसं. एकवीस दिवसांत एकही मिरची सुटेना. शेवटच्या दिवशी सोपाननं कागद माझ्या हातात दिला आणि मी लाल पेननं त्यावर 'शाबास' लिहिलं. अजून सांगतो, मला तेव्हा आनंदच झाला होता.

त्या रविवारी पुण्याचे डॉक्टर हजर होते. सोपाननं कागद घेतला, भोक शोधलं, आणि न थांबता सगळ्या मिरच्या उडवल्या. डॉक्टर खुर्चीतून उठले. "वा! सोपानराव, तुम्ही आमची परिषद गाजवणार!" महिनाभरात त्यांना कुठंतरी हा प्रकल्प मांडायचा होता, प्रकल्पाची मुदत वाढायची होती, आणि समोर उभा करून दाखवता येईल असा बरा झालेला माणूस हवा होता. कांचनताईलाही हवा होता. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं पेनचं टोपण काढलं. सोपान त्या पेनकडे बघत होता, सिंधू देवाचं नाव घेत होती, आणि मी दाराशी उभा राहून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं टळलं असतं. उघडलं नाही. तिनं कागद जवळ घेतला, पुष्कळ वेळ बघितला, आणि टोपण परत लावलं. "सोपानराव, सही करते. आधी मला खोडदपर्यंत फिरवून आणा. रस्ता मोकळा असतो. तीसच्या वर जायचं नाही."

जीप खालीच उभी होती. ती पुढं, त्याच्या डावीकडे बसली. मी मागं. सिंधूला तिनं खालीच थांबवलं. निघताना तिनं उजवा हात मधल्या हँडब्रेकवर ठेवलेला मी पाहिला. गाव सुटेपर्यंत ठीक चाललं. गियर बदलताना त्याचा हात पूर्वीसारखाच हलका पडत होता. मी मनात म्हटलं, बघा, सराव म्हणजे सराव... मग लक्षात आलं की डाव्या बाजूची चाकं अधूनमधून साइडपट्टीवर उतरताहेत. खडी उडायचा आवाज यायचा, सोपान दचकून गाडी वर घ्यायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. कांचनताई काही बोलत नव्हती. निघाल्यापासून एक शब्द नाही. तिची मानही हलत नव्हती.

मग खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेना दिसू लागल्या. शेतांमधून वर आलेल्या त्या अजस्र थाळ्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. सोपाननं पुढं बघतच मला अगदी सहज विचारलं, "गुरुजी, अँटेना कमी केल्या का वो? पयल्या लई व्हत्या."

मी उजवीकडे बघितलं. चार होत्या. डावीकडे बघितलं. तिकडेही चार.

"इंजिनियर तिथलाच हाये, बाईंना इचारलं पायजे," सोपान म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "बाई कुठं ऱ्हायल्या? चढल्या न्हाईत का?"

ती त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसलेली होती.

हँडब्रेकवरची तिची बोटं आवळलेली दिसली. तिनं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी डावीकडच्या शेताच्या वाटेनं एक म्हातारा सायकल घेऊन रस्त्यावर आला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मान खाली, निवांत. सोपान त्याच्या रोखानं सरळ चालला होता. "दाजी, डावीकडं!" मी ओरडलो, तिनं "थांबा!" म्हणून हँडब्रेक ओढला, जीप तिरकी होऊन फरफटली... आणि थांबली. किटली रस्त्यावर गडगडत गेली. सायकल आडवी. म्हातारा काठावर बसकण मारून बसला होता. धडपडत उठला, आधी किटली बघितली, मग आम्हाला.

"डोळं घरी ठिवलं का रं भाड्या?"

सोपान स्टेअरिंग धरून तसाच बसला होता. "हा कुठनं आला?" तो म्हणाला. "गुरुजी, आईशप्पत, रस्त्यावर कोनी नव्हतं."

म्हाताऱ्याला खरचटलंही नव्हतं. कांचनताईनं उतरून त्याची सायकल उचलली, किटली आणून दिली, माफी मागितली. मग माझ्याकडे आली. ऊन चढलेलं, रस्त्यावर सांडलेल्या दुधावर माश्या जमायला लागलेल्या. "किती वेळा सोडवून घेतलात, गुरुजी?"

"रोज. एकवीस दिवस."

मला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे तो कागद बरा झाला."

परतताना जीप तिनं चालवली. तिला जीप चालवता येते, हे मला त्या दिवशी कळलं. सोपान डावीकडे बसला आणि सगळी वाट उजवीकडे बघत राहिला. केंद्रावर डॉक्टर चहा घेऊन थांबले होते. तिनं मिरच्यांचा नवा कागद घेतला, तो उलटा फिरवून सोपानपुढे ठेवला. वरचं खाली, डावं उजवीकडे. सोपाननं खालच्या कोपऱ्यात भोक चाचपलं. सापडेना. मग उजवीकडच्या सगळ्या मिरच्यांवर काट मारली, पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, "झालं." डावं अर्धं पान कोरं होतं. उजवीकडच्या म्हणून ज्या मिरच्या तो पहिल्या दिवसापासून फटाफट उडवायचा, नेमक्या त्याच आता डावीकडे जाऊन सुटल्या होत्या.

डॉक्टर चाचरत म्हणाले, "पण सकाळचा कागद तर पूर्ण आहे. आपण तोच मांडू ना..."

"सर, रस्त्यावर दूध सांडलंय," ती म्हणाली.

अहवालात तिनं लिहिलं, की हा निकाल सरावामुळे बाद धरावा. आणि कागद उलटा करून बघायला हवा होता, तो न बघता रुग्णाला रस्त्यावर नेलं, ही चाचणी घेणारीची चूक. माझं नाव तिनं घातलं नाही. मी म्हणालो, घाला. तर म्हणाली, "तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही शिकवणारच. माझं काम तपासायचं होतं. त्या कागदावर एकही चूक नव्हती, गुरुजी. बऱ्या होत चाललेल्या माणसाच्या कागदावर चुका असतात. मला दिसत होतं, आणि बघायचं नव्हतं." प्रकल्पाला मुदत मिळाली नाही. शब्द मोजणाऱ्या बाई गेल्या, डॉक्टरांचे रविवार थांबले, पाटी उतरली, आणि खतांचं दुकान तेवढं रुंद झालं. कांचनताईनं जुन्नरला, वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत एक टेबल टाकलं आणि काम चालू ठेवलं.

सोपानला सही मिळणार नाही, हे तिनं स्वतः घरी येऊन सांगितलं. तो उभा राहिला. "बाई, माझं हात चांगलं, पाय चांगलं, डोळं चांगलं. मग खराब काय हाये? नाव सांगा एकदा!" तिनं सांगायचा प्रयत्न केला. ज्या माणसाला डावीकडे काही नाहीच, त्याला तिथं काय नाही हे सांगणार कसं? त्यानं ताटाची लाल फीत ओरबाडून अंगणात टाकली. सिंधू माझ्याशी चार महिने बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी कांचनताई एस्टीनं आळ्याला आली. सोपान ओट्यावर होता. ती त्याच्या डाव्या हाताला, खांबाजवळ बसली आणि काही बोलली नाही. सिंधूला तिनं तोंडावर बोट ठेवून खुणावलं. तासभर बसली, सिंधूनं रागारागानं ठेवलेला चहा प्यायली, आणि उठून एस्टीला गेली. सोपानला ती आल्याचं कळलंच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. मी विचारलं, "ताई, ही कसली चाचणी?" "चाचणी नाही," ती म्हणाली, "मी भेटायला येते. ते भेटले की सांगेन." पाचव्या का सहाव्या गुरुवारी सोपाननं खोकताना मान वळवली, खांबाची फीत त्याच्या नजरेला आली, आणि फितीशेजारी माणूस. तो एवढ्या जोरात दचकला की सिंधू आतून धावत आली. "बाई! कवा आल्या?" "पाऊण तास झाला," कांचनताई म्हणाली. त्यानंतर तो तिची वाट बघू लागला. गुरुवारी दुपारी मान वळवायचा, लाल शोधायचा, कुणी नाही बघून परत फिरवायचा, पुन्हा वळवायचा. कधी तिला अर्ध्या तासानं शोधायचा, कधी वीस मिनिटांनी. तो नजरेआड आपल्याला शोधतोय, हे ती बघत बसायची. मी आयुष्यात एवढी शांत शिकवणी पाहिली नाही.

दीडेक वर्ष गेलं. एका गुरुवारी मी गेलो तर सोपानच्या मांडीवर कागद होता. सही, शिक्का, सगळं जागेवर. स्टँडवरच्या कुणीतरी लांबच्या गावच्या एका डॉक्टरकडून आणून दिला होता. त्या डॉक्टरनं सोपानला बघितलंही नव्हतं. जीपची किल्ली कागदावर ठेवलेली. सिंधू दारात उभी, माझ्याकडे बघेना. तेवढ्यात कांचनताई आली, सगळं बघितलं, आणि नेहमीसारखी खांबाजवळ जाऊन बसली. मी डोळ्यांनी विनवलं, बोला काहीतरी. ती बोलली नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. सोपाननं किल्ली उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. तो उठला असता तर त्याला अडवायला तिच्याकडे आता हँडब्रेकही नव्हता.

मग त्यानं मान वळवली. हळूहळू, फितीपर्यंत.

"बाई. ह्या कागदावर मी फिट हाये."

"हं."

"तुमी कवा आल्या?"

"पंधरा मिनिटं झाली, सोपानराव."

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, पंधरा मिंटांत ह्या रस्त्यानं किती सायकली जात्यात वो?"

त्यानं कागदाची घडी केली, सिंधूला हाक मारली आणि म्हणाला, "चुलीत घाल." किल्ली त्यानं दुसऱ्या दिवशी चुलतभावाला दिली. पुढे तो आळेफाट्याच्या स्टँडवर जीपचे नंबर लावायला बसू लागला. डावीकडून येणाऱ्या गाड्या त्याच्या कधी सुटल्या, कधी सापडल्या. पण "डावीकडं बघायचं ऱ्हायलं" असं तो स्वतः म्हणायचा. कांचनताईनं आपल्या वहीत त्या दिवशी काय लिहिलं ते मला माहीत नाही. माझ्यासमोर ती फक्त सिंधूला म्हणाली, "आज चहा जरा जास्त टाका." आणि गुरुवार तिनं त्यानंतरही सोडले नाहीत. आठवडा, पंधरवडा, कधी महिना. पण आली की गुरुवारीच.

जुन्नरला तिची शोकसभा झाली. मोठा फ्लेक्स, त्यावर तिच्यापेक्षा व्यासपीठावरच्यांचे फोटो जास्त. एका वक्त्यानं तिनं हजारो रुग्ण बरे केल्याचं सांगितलं. ती असती तर उठून आकडा कुठून आणला ते विचारलं असतं. दुसऱ्यानं तिच्या नावानं सभागृह बांधून थाटात उद्घाटन करण्याचा संकल्प सोडला. मला फीत आठवली. मी सोपानच्या शेजारी बसलो होतो. तो मान पूर्ण वळवून व्यासपीठाकडे बघत होता, मग माझ्या कानाशी, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "फोटू डाव्या अंगाला ठिवलाय. बाई खूश झाल्या असत्या."

गेल्या गुरुवारी दुपारी मी आळ्यातच होतो, पाय आपोआप बहिणीच्या घराकडे वळले. सोपान ओट्यावर. खांबाची फीत आता मातीच्या रंगाची झालीय. लाल होती हे ठाऊक असलेल्यालाच ती लाल दिसते. का कोण जाणे, मी आवाज न करता गेलो आणि त्याच्या डावीकडे, खांबाला टेकून बसलो. सिंधूनं आतून पाहिलं आणि चहा टाकला. रस्त्यानं दोन सायकली गेल्या, एक ट्रॅक्टर गेला. फार वेळ लागला नाही. त्यानं मान वळवली, फीत शोधली, मला बघितलं, आणि बघतच राहिला.

"गुरुजी," तो म्हणाला, "जरा सरकून बसा. बाईंची जागा हाये ती."

मी सरकलो.